मागच्या तारखेचा माणूस

१

आमच्या घरातली एक खोली कॉम्प्युटरची आहे आणि उरलेल्या दोन आमच्या. असं ह्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही. पण पंखा आधी त्या खोलीत लागला, पडदेही आधी तिथेच आले, आणि तिथली धूळ पुसायचं फडकंसुद्धा वेगळं आहे. त्यावरून मी काय ते समजून घेतलं.

हे म्हणजे माझा नवरा. गणवेशांच्या खिशांवर, टोप्यांवर, खेळाडूंच्या जर्सीवर जे भरतकामाचे बिल्ले असतात ना, त्यांची नक्षी हे कॉम्प्युटरवर बसवतात. सुई कुठून निघेल, कुठे वळेल, कुठल्या रंगाचा दोरा कुठल्यावर चढेल, एकेक टाका ठरवावा लागतो. फाइल तयार झाली की घरच्या मशीनवर एक नमुना काढायचा, त्याचे सुटे दोरे मी कातरायचे, आणि मग फाइल कारखान्यात पाठवायची. वर्षानुवर्षं आमचं हे असं चाललंय आणि त्यात कुणाला काही नवीन नको होतं.

नवीन हवं असतं ते कॉम्प्युटरला. ह्यांचं भरतकामाचं सॉफ्टवेअर म्हातारं आहे, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. कॉम्प्युटरने स्वतःला अपडेट करून घेतलं की हे म्हातारं डोळेच उघडत नाही. बरं, विचारून करावं की नाही? तसंही नाही. माणूस टाका मोजत बसलेला असतो आणि पडदा निळा होतो. थोडं थांबा, कॉम्प्युटर बंद करू नका. मग तो उठून बसतो आणि वर आपल्यालाच सांगतो की आता तुम्ही अधिक सुरक्षित आहात. भीक नको पण कुत्रा आवर, अशी आमची गत.

ह्यावर आमच्या कॉम्प्युटरवाल्याने उपाय शिकवून ठेवला होता. कॉम्प्युटरला मागे न्यायचं. तो मधून मधून स्वतःची आठवण जपून ठेवतो म्हणे, त्यातली सगळं नीट चाललं होतं ती तारीख निवडायची आणि बटण दाबायचं. अपडेट गेलं, म्हातारं परत जागं. ह्यांना हे इतकं सवयीचं झालं होतं की अपडेट आलं की एक शिवी हासडायची, आत जाऊन दार लावून घ्यायचं, आणि काम झालं की स्वयंपाकघरात येऊन पेलाभर पाणी प्यायचं.

ह्या अपडेटपायीच आमची लेक घर सोडून गेली, हेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. ती ह्यांच्याच हाताखाली हे काम शिकली होती. एकदा हे घरी नसताना तिने चांगल्या मनाने कॉम्प्युटर अपडेट केला. जुना कॉम्प्युटर दमतो, बाबांना त्रास होतो, म्हणून. त्यात एका मोठ्या कामाच्या सगळ्या फाइल्स उघडेनाशा झाल्या, आणि मागे न्यायचा उपाय तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. हे तिला नको ते बोलले. ती दुसऱ्या गावात नोकरीला लागली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोन वर्षं होत आली. मी मधे उभी, दोन्हीकडची.

२

ह्यांचे केस मीच कापते. न्हाव्याकडे जायचा ह्यांना कंटाळा, आणि कात्री माझ्या हातात दिवसभर असतेच. त्या रविवारी मी गॅलरीत स्टूल टाकून ह्यांचे केस बारीक केले, कानांवरचे, मानेवरचे सगळे. केस कागदात गुंडाळून डब्यात टाकले.

मंगळवारी नाश्त्याच्या वेळी अपडेट आलं. हे शिवी देऊन आत गेले. मी भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने हे बाहेर आले, पाणी प्यायले, आणि मी वर बघितलं तर केस कानांवर आलेले.

मी सुरी हातात धरून तशीच बसले. हे म्हणाले, काय बघतेस? मी म्हटलं, केस. तर म्हणाले, "हो, वाढलेत खूप. रविवारी कापून टाक."

मग कॅलेंडरकडे बघून मंगळवार आहे हे कळल्यावर स्वतःच हसले. वय झालं म्हणाले, दिवससुद्धा चुकायला लागले. आत जाऊन पुन्हा बाहेर आले आणि मला विचारलं, जर्सीवरच्या वाघाची फाइल तू उघडली होतीस का, कारण वाघ तर पूर्ण झालेला दिसतोय आणि मी त्याच्या मिशासुद्धा अजून केल्या नव्हत्या. मी म्हटलं, मला फाइल कुठे उघडता येते? मग मीच केला असेल, म्हणून परत कामाला बसले.

ह्यांना खटकत नव्हतं ह्याचं मला नवल वाटलं नाही. ह्यांचे सगळे दिवस एकसारखे. त्यातले दोन कुणी काढून घेतले तरी ह्यांना पत्ता लागायचा नाही. पण मला खटकलं. मी पहिल्यांदा स्वतःवरच शंका घेतली. रविवारी केस कापायचं ठरवलं असेल, कापले असं वाटलं असेल. दुपारी डुलकी लागली की माणसाला काय वाटेल ते वाटतं. मी पुन्हा स्टूल टाकलं आणि पुन्हा केस कापले.

कागद डब्यात टाकायला गेले तर रविवारचा कागद खाली तसाच होता. मी दोन्ही उघडून ओट्याखाली शेजारी शेजारी ठेवले. ह्यांच्या डाव्या कानामागे एक पांढरी बट आहे, अगदी एकच, बाकी सगळं काळंकरडं. ती बट दोन्ही कागदांत होती. दोन्हीकडे तेवढीच लांब.

स्वप्नातले केस कचऱ्याच्या डब्यात पडत नाहीत. एवढं मला कळतं.

३

आता भ्यायचं की नाही? एखादी भ्याली असती. मी लहानपणी आजोबांचं घड्याळ उघडून त्याचे दात मोजले होते आणि मार खाल्ला होता. मला आधी उत्सुकता वाटते, भीती मागून येते. मी ठरवलं की बघूया.

कापडावर खुणा करायचं एक पेन आमच्याकडे असतं. त्याची शाई धुतली तरी चार-सहा दिवस जात नाही. मानेवर दोरा चिकटलाय असं सांगून मी ह्यांच्या मानेवर एक ठिपका दिला. आणि मग मी अपडेटची वाट बघायला लागले. दोन वर्षं जिला शिव्या दिल्या ती पीडा कधी येते म्हणून मी पाहुण्याची बघावी तशी वाट बघत होते, माझं मलाच हसू येत होतं.

दोनच दिवसांत, गुरुवारी सकाळी, आली. हे आत गेले, दार लागलं. मी फडकं घेऊन दाराजवळ गेले आणि कान लावला. आधी कळा बडवल्याचा आवाज, म्हणजे राग. मग माउसचं टिकटिक, म्हणजे तारीख शोधणं. मग कॉम्प्युटरचा पंखा हळूहळू मंदावत थांबला, आणि त्यानंतर अशी शांतता झाली की ह्यांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. ह्यांना सर्दीचा जुना त्रास, नाक कायम वाजत असतं. ते वाजणं बंद झालं. मी दारावर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग कॉम्प्युटर सुरू होतानाचे ते चार स्वर वाजले, पंखा फिरला आणि नाकही वाजायला लागलं.

हे बाहेर आले, पाणी प्यायला माझ्यापुढून गेले. मान स्वच्छ होती.

आणि हे पाणी पीत असताना आत खुर्ची करकरली. माणूस एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर रेलून बसला की करकरते, तशी. मी आत डोकावले. खुर्ची रिकामी. गादीवर ह्यांच्या बसण्याचा खळगा होता आणि तो भरून येत नव्हता. स्पंज जुना झालाय, मी मनात म्हटलं. स्पंजचं तसं होतं.

दुपारी मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. सरळ विचारायची लाज वाटली, म्हणून आडून विचारलं, की हे मागे नेण्यात समोर बसलेल्याला काही होतं का. तो हसायलाच लागला. म्हणाला, काकू, फक्त सिस्टीम मागे जाते, फाइल्सना धक्का लागत नाही आणि काकांना तर नाहीच नाही. मग मी विचारलं, जे मागे घेतलं ते जातं कुठे? तो म्हणाला, तसं ते पूर्ण पुसलं जात नाही, कुठेतरी कोपऱ्यात पडून राहतं, कधी लागलं तर.

४

त्याच गुरुवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती नेहमी मलाच करते. पण मी आंघोळीला गेले होते, आणि माझा फोन वाजतोय म्हणून ह्यांनी वैतागून उचलला. मी बाहेर आले तेव्हा हे स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, पाठ फ्रिजला टेकून. आयुष्यात ह्या माणसाला मी तिथे बसलेलं बघितलं नव्हतं.

काय काय बोललं गेलं ते सगळं मी ऐकलं नाही, आणि ऐकू नये म्हणून बाहेरच थांबले. पण एवढं ऐकलं. "चुकलो गं, खारू."

खारू हे ह्यांनीच ठेवलेलं नाव. लहानपणी ती गालात खाऊ साठवून बसायची, खारीसारखी. दोन वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सुंभ जळला तरी ज्याचा पीळ जात नाही असा हा माणूस, ह्याच्या तोंडून चुकलो हा शब्द आला आणि मी ओल्या केसांनी भिंतीला धरून रडले. तो शब्द मला माझ्यासाठीसुद्धा कधी मिळाला नव्हता, पण त्याचं काही नाही.

लेक रविवारी यायची ठरली. हे संध्याकाळी स्वतः उठून तिच्या खाटेवरचे कपड्यांचे गठ्ठे काढायला लागले. मला म्हणाले, तिला कामात परत घेऊ का, ती येईल का, की नको म्हणेल? मी म्हटलं, विचारून तर बघा. हे म्हणाले, विचारतो. आणि मग मी त्या बंद खोलीकडे बघितलं. अपडेट पुन्हा आलं तर हा गुरुवारही पुसला जाणार.

मी ह्यांना सांगून बघितलं. केस, ठिपका, सगळं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं की रविवारच्या गडबडीने तुला झोप लागत नाहीये का. वर म्हणाले, काहीतरीच. मग मी म्हटलं, असू दे काहीतरीच, पण रविवारपर्यंत कॉम्प्युटर मागे नेऊ नका. हे हो म्हणाले. पण ह्यांचा होकार मला माहीत आहे. नमुना अडला की तो होकार बिल्ल्याच्या दोऱ्यासारखा कातरला जाणार.

म्हणून मी माझं बघितलं. शुक्रवारी संध्याकाळी हे खाली फिरायला गेल्यावर मी इंटरनेटची वायर काढली, कॉम्प्युटर नीट बंद केला आणि मनात म्हटलं, बंद कॉम्प्युटर काय अपडेट होणार, कप्पाळ.

५

शनिवारी सकाळी मी बाजारातून आले तर खोलीचं दार लागलेलं.

मला नंतर कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं. अपडेट आधीच उतरवून घेतलेलं असतं, कॉम्प्युटर फक्त कुणी बंद करतंय का ह्याची वाट बघत असतो. बंद केलं की काम उरकून घेतो. म्हणजे मी वायर काढली ते व्यर्थ, आणि बंद केला तीच चूक. जे टाळायला गेले ते माझ्याच बोटाने झालं.

मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि दार वाजवलं. अहो, थांबा, उघडा. आतून हे म्हणाले, झालंच. मग पंखा मंदावला. मी दार वाजवत राहिले आणि आत नाक वाजायचं थांबलं. चार स्वर वाजेपर्यंत मी काय काय बोलले मला आठवत नाही.

हे बाहेर आले. पाणी प्यायले. माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, काय झालं, कोण गेलं?

मी म्हटलं, उद्या खारू येतेय.

ह्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाला. म्हणाले, ते नाव कशाला काढतेस. मी फोन दाखवला. हे बघा, गुरुवारी दुपारी तासभर बोललात तुम्ही. हे म्हणाले, तूच बोलली असशील तुझ्या फोनवरून, आणि असले डाव माझ्यावर खेळू नकोस. येतेय तर येऊ दे, घर तुझंही आहे. मी तिच्याशी बोलणार नाही. खाटेवर कपडे का नाहीत म्हणून विचारलं आणि गठ्ठे उचलून परत तिच्या खाटेवर रचले. मी नुसती बघत उभी राहिले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण हा घडा परवा काठोकाठ भरला होता हो. मी पाहिला होता.

लेकीला फोन करून नको येऊस म्हणावं, असं दहादा मनात आलं. पण काय सांगणार होते? तुझे बाबा होते, ते गेले, आता त्यांच्या आधीचे आहेत?

दुपारी हे मशीनचं तेल आणायला बाहेर पडले. मी जेवणाची भांडी घासत होते. आणि खोलीतून कळांचा आवाज यायला लागला. सावकाश, विचार करत टाका बसवल्यासारखा. मी नळ बंद केला. आवाज चालूच. मग खोकला आला, ह्यांचा, सर्दीचा. मग आणखी एक, तोच, पण थोडा लांबून आल्यासारखा, आणि ती खोली तर चार पावलांची आहे.

मी हात पुसत गेले आणि दार ढकललं. कॉम्प्युटरचा पडदा काळा, पंखा बंद, खुर्ची टेबलापासून थोडी मागे. खोलीत कुणी नव्हतं. फक्त खोलीला जो एक वास येतो माणूस तासन्‌तास बसला की, उबेचा आणि गार झालेल्या चहाचा, तो वास होता. मी दारातूनच हळूच विचारलं, अहो? कुणी ओ दिली नाही. पण मला सांगता येणार नाही अशा कारणाने मी दार लावताना ते हलक्या हाताने लावलं. आतल्याला त्रास नको म्हणून लावतात तसं.

६

लेक रविवारी सकाळी आली. वाळली होती. केस कापले होते आणि ते तिला शोभत होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, बाबा कुठे?

हे स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून बसले होते, हातात पेला. मी लेकीला म्हटलं, बस आधी, पाणी पी, ते जरा आज. पुढे मला वाक्य सुचेना. ती म्हणाली, कळलं, लाजतायत, आणि हसली. ती गुरुवारच्या बाबांना भेटायला आली होती. तिने बंद खोलीकडे बघितलं. बाबा घरात दिसले नाहीत की त्या खोलीत असतात, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत. ती दाराकडे गेली. मी तिच्या मागे जायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या दारात थांबले, ह्यांचा हात धरून ह्यांना उठवावं म्हणून. हे उठले नाहीत.

"बाबा?" लेक दाराला टेकून म्हणाली.

आणि खोलीतून आवाज आला. "आलीस, खारू?"

ह्यांचाच. नाकातला, थोडा घोगरा. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्यापुढे बसले होते, ओठ मिटलेले, आणि डोळे दाराकडे वळलेले.

आतला आवाज बोलत राहिला. घाईघाईने, खूप वेळ बोलायचं साठलेलं असलं की बोलतो तसा. म्हणाला की फोनवर एक सांगायचं राहिलं. तू गेलीस त्या पहिल्या वर्षी मी बाहेरच्या दुकानातून तुला फोन लावायचो. तू हॅलो म्हणायचीस, कोण आहे विचारायचीस, आणि मी ठेवून द्यायचो. तुझा आवाज ऐकायला करायचो. बोलायची हिंमत नव्हती.

"तुम्ही होता ते?" लेकीचा आवाज फुटला. "बाबा, मी किती घाबरायचे."

ह्यांच्या हातातला पेला कलंडला आणि पाणी मांडीवर सांडलं, तरी हे हलले नाहीत. अगदी हळू मला म्हणाले, "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुलासुद्धा नाही."

"आत ये ना," खोलीतला आवाज म्हणाला. "किती वेळ बाहेर उभी राहशील?"

लेकीने हँडलवर हात ठेवला.

मी ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली. हा धावलेला मी कधी बघितला नव्हता. हे उठले ते खुर्ची पाडूनच, आणि मधलं सगळं अंतर कसं कापलं ते मला दिसलंसुद्धा नाही. लेकीचं मनगट ह्यांनी धरलं तेव्हा दार बोटभर उघडलं होतं. आत अंधार होता. पडदे लावलेले नव्हते, सकाळचे दहा वाजले होते, आणि आत अंधार होता. ह्यांनी दुसऱ्या हाताने दार ओढून घेतलं.

लेक ह्यांच्याकडे बघत राहिली. मग दाराकडे, मग पुन्हा ह्यांच्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला.

"खारू," आतून विचारणा झाली. "तुझ्याबरोबर कोण आहे?"

ती मनगट सोडवून घ्यायला बघत होती आणि मी तिला दोष देणार नाही. जो माणूस तिला हवा होता तो आत बोलत होता. बाहेरच्याने तिचं मनगट करकचून धरलं होतं आणि दोन वर्षांत तिला एक शब्द दिला नव्हता. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला दिसत होतं काय करायचंय ते. एकच शब्द बोलायचा होता, आणि ह्यांच्या मते तो ह्यांनी जन्मात कधी उच्चारला नव्हता.

"चुकलो," हे म्हणाले. नीट उमटलंसुद्धा नाही. "माझं चुकलं गं, पोरी. तू आत जाऊ नकोस."

लेकीने हँडल सोडलं. ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ती लहान असताना रडायची तशी रडायला लागली, आणि हे तिच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही हे न कळून हात हवेत धरून उभे राहिले. मग ठेवला.

मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला कसलंच भय वाटलं नाही, नुसतं बरं वाटलं. आणि मग त्या दोघांच्या पाठीमागे मला हँडल खाली जाताना दिसलं.

मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी ते वर धरलं. पलीकडचा जोर फार नव्हता. ह्यांचा हात तसा हलकाच, नाजूक कामाचा.

"अगं, मी आहे," दाराच्या फटीतून आवाज आला. लेकीशी बोलायचा नाही, माझ्याशी बोलायचा, खालच्या पट्टीतला.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"मग?"

ह्याच माणसाने गुरुवारी जमिनीवर बसून तो शब्द पहिल्यांदा शोधून काढला होता. ह्यानेच लेकीची खाट मोकळी केली होती. मी तोंड दाराजवळ नेऊन, मागच्या दोघांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हटलं, "ते बोलले हो तिच्याशी. आत्ताच. तिने धरलंय त्यांना."

मागे लेक मुसमुसत होती आणि हे तिला काहीतरी विचारत होते, जेवलीस का, असलं काहीतरी.

"बरं," आतून आलं. हँडलवरचा जोर गेला.

मी रडत होते आणि रडताना हात सैल पडू नयेत म्हणून दाराला खांदा लावून उभी होते. आई, काय करतेस, लेकीने मागून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही बसा दोघं, मी आलेच. आणि हँडल काही सोडलं नाही.